मिरचीचे बोन्साय: तारेपेक्षा कात्रीने घडणारे झाड

मिरचीला सगळे हंगामी पीक समजतात. तिच्या सर्वांत परिचित प्रजातीचे नावच कॅप्सिकम अ‍ॅन्युम, म्हणजे वर्षभराची. हे नाव दिशाभूल करणारे आहे. थंडीने मारली नाही तर मिरची तीन-चार वर्षे, कधी त्याहूनही जास्त जगते. दुसऱ्या वर्षी तिचा बुंधा लाकूड धरतो, साल करडी होते, तिला उभ्या बारीक भेगा पडतात. दोन वर्षांच्या झाडाची पाने झाडून टाकली आणि नुसता सांगाडा पाहिला, तर एखाद्या जुन्या वृक्षाची छोटी प्रत समोर ठेवल्यासारखी वाटते. बोन्साय करणाऱ्यांच्या नजरेला हेच पडले. मिरचीच्या बोन्सायला आता जगभर ‘बोन्ची’ म्हणतात.

नवशिक्यासाठी मिरची चांगली, कारण तिचे घड्याळ वेगळे आहे. वड-पिंपळाच्या जातीच्या झाडाला कापलेली फांदी पुन्हा भरून आणायला एक-दोन हंगाम लागतात. मिरचीला सहा आठवडे लागतात. चूक लवकर कळते आणि लवकर सुधारता येते. उलट बाजूही आहे: तिचे लाकूड ठिसूळ, जखम नीट न भरणारे आणि कुजायला सोपे. म्हणून तारेने वाकवण्याचा सोस कमी आणि कात्रीने दिशा देण्याचे काम जास्त, हे आधीच मनाशी पक्के करावे.

कोणती जात घ्यावी

छाटणीने, उन्हाने आणि कुंडीच्या आकाराने पाने लहान होतात. फळ मात्र लहान होत नाही. ढोबळी मिरचीचे बोन्साय केले तरी ढोबळी मिरची मुठीएवढीच येणार, आणि फांदी तिच्या वजनाने बेचक्यात फाटणार. म्हणून फळ २ ते ३ सेंटिमीटरच्या आतले, पान बारीक आणि पेरे आखूड, अशी जात निवडा. वाटाण्याएवढी गोल फळे धरणाऱ्या रानमिरच्या, म्हणजे चिल्टेपिन गटातल्या, सर्वांत उत्तम. त्यांच्या फांद्या मुळातच नाजूक आणि दाट असतात. आकाशाकडे तोंड करून उभी राहणारी छोटी मिरची, म्हणजे कॅप्सिकम फ्रुटेसेन्स, हीही चालते. कॅप्सिकम चायनेन्सचा, म्हणजे हबानेरोसारख्या अतितिखट मिरच्यांच्या प्रजातीचा, बुंधा छान जाड होतो, पण पाने रुंद असतात. ती ताटात, म्हणजे बोन्सायच्या उथळ कुंडीत, आटोक्यात ठेवणे पहिल्या वर्षी जमत नाही.

बुंधा आधी, ताट नंतर

सर्वांत जास्त झाडे इथे बिघडतात. रोप चार पानांचे झाले की लोक ते सुंदर उथळ कुंडीत लावतात आणि बुंधा जाड होण्याची वाट पाहतात. तो होत नाही. खोडाची जाडी पानांच्या आणि मुळांच्या पसाऱ्यावर ठरते. पसाऱ्याला जागाच नसेल तर खोड काडीएवढेच राहते. म्हणून पहिला एक हंगाम झाड जमिनीत किंवा निदान १० ते १५ लिटरच्या कुंडीत मोकळे वाढू द्या. जमिनीलगत बुंध्याची जाडी दीड ते दोन सेंटिमीटर झाली की ते ताटात जायला तयार.

बियांपासून सुरुवात करणार असाल तर बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरा. माती २५ ते ३० अंश उबदार राहिली तर ८ ते १५ दिवसांत उगवते. रानमिरच्यांना महिनाही लागतो, घाईने उकरून पाहू नका. रोप १२ ते १५ सेंटिमीटर उंच आणि खोड अजून हिरवे असतानाच त्याला एक-दोन हलकी वळणे द्यायची असतील तर द्या. १.५ मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तार मातीत रोवून खोडाभोवती सैल गुंडाळायची आणि तीन आठवड्यांत काढायची. खोडाला वळण द्यायची ही एकच वेळ. एकदा लाकूड धरले की खोड वाकत नाही, तुटते.

याच वेळी पाचव्या-सहाव्या पानावर शेंडा खुडला तर फुटवे खालून निघतात. न खुडलेली मिरची एक सरळसोट दांडा वर नेते, पहिल्या फुलापाशी तिचे दोन भाग होतात, पुढे प्रत्येक फुलापाशी पुन्हा दोन. हे पहिले बेचके बहुधा वीतभर उंचीवर येते आणि छाटल्यावर झाड गलोलीसारखे दिसते. यावरचा उपाय पुढे येतो.

बियांपासून सुरू करायचे नसेल तर फळे देऊन थकलेले, वर्षभराचे तयार झाड घ्या. बऱ्याच वेळा हेच शहाणपणाचे. घेताना फळे पाहू नका. माती थोडी बाजूला सारून बुंध्याचा तळ पाहा. तिथून मुळे चारही बाजूंना पसरलेली असतील तर झाड घ्यावे. पाने आकसलेली, चुरगळलेली असतील तर बुंधा कितीही देखणा असला तरी सोडून द्यावे.

लागणारे सामान

धारदार कात्री, लहान करवत, स्पिरिट, मुळे उलगडायला एक बोथट काडी किंवा जुना काटा, आणि १, १.५, २ मिलिमीटर अशा तीन जाडीच्या अ‍ॅल्युमिनियम तारा. तांब्याची तार मिरचीला फार कडक. कुंडी १५ ते २० सेंटिमीटर रुंद आणि ६ ते ७ सेंटिमीटर खोल, तळाला किमान दोन भोके. बोन्सायच्या पुस्तकांत दिसणारी ३ सेंटिमीटरची चपटी थाळी मिरचीला पुरत नाही. उन्हाळ्यात दुपारपर्यंत ती मान टाकते.

अवजारे प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. हातांचीही काळजी घ्या. तंबाखू आणि मिरची एकाच कुळातल्या, आणि तंबाखूचा मोझॅक विषाणू हाताला लागून मिरचीत जातो. तंबाखू किंवा सिगारेट हाताळली असेल तर साबणाने हात धुऊनच झाडाला हात लावा.

मोठी छाटणी

फळांचा बहर संपला, पण अजून किमान दोन महिने ऊब शिल्लक आहे, अशी वेळ निवडा. रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली जाऊ लागले असेल आणि झाड उबदार घरात, दिव्याखाली ठेवण्याची सोय नसेल, तर छाटणी पुढच्या हंगामावर ढकला.

१. आदल्या दिवशी पाणी द्या. फळे आणि फुले सगळी काढा.

२. झाड टेबलावर, डोळ्यांच्या पातळीवर ठेवून फिरवून पाहा. बुंधा जिथून सर्वांत रुंद दिसतो आणि पहिले वळण स्पष्ट दिसते, ती समोरची बाजू. तिथे कुंडीवर खडूने खूण करा.

३. आता गलोलीचा प्रश्न. बेचक्याचे दोन्ही हात सारखे ठेवले तर झाड कायम गलोलच राहते. एक हात निवडा, तो खोडाचा पुढचा भाग. दुसरा पहिली फांदी. खोड होणाऱ्या हातावर तीन-चार पेरे ठेवा, फांदी होणाऱ्या हातावर एक किंवा दोनच. नव्या फुटीत लांब हात वर जातो, आखूड हात बाजूला पसरतो, आणि सहा-आठ आठवड्यांत गलोल ओळखूही येत नाही. एवढ्या एका कापावर पुढचे सगळे रूप ठरते, तेव्हा इथे दहा मिनिटे जास्त गेली तरी चालतील.

४. उरलेल्या फांद्यांतल्या एकमेकींवरून जाणाऱ्या, सरळ खाली किंवा आत वळणाऱ्या फांद्या काढा. प्रत्येक फांदीवर दोन पेरे ठेवा. टोकाचा डोळा बाहेरच्या बाजूला पाहणारा असावा, कारण नवी फांदी त्याच दिशेने निघेल.

५. काप पेराला चिकटून घेऊ नका, १ सेंटिमीटर खुंट ठेवा. मिरचीच्या खोडात मऊ भेंड असते. काप घेतल्यावर ते वरून सुकत खाली येते आणि सहसा पुढच्या पेरापाशी थांबते. खुंट नसेल तर सुकणे थेट डोळ्यापर्यंत जाते आणि डोळा मरतो. वाळलेला खुंट महिन्या-दोन महिन्यांनी साफ करायचा.

६. लहान पाने सापडली तर चार-सहा राहू द्या. पूर्ण बोडके झाडही फुटते, पण थोडी पाने असली तर मुळांचा जीव टिकतो.

खोड पहिल्या बेचक्याच्या खाली तोडण्याचा मोह होतो, झाड बुटके दिसेल म्हणून. हिरव्या-करड्या खोडावर पूर्वी पाने होती त्या जागा स्पष्ट दिसत असतील तर तिथून फुटण्याची शक्यता आहे. साल पूर्ण भेगाळलेली असेल तर बरीच झाडे तशीच वाळतात. पहिल्या झाडावर हा जुगार खेळू नये.

मुळे आणि मिश्रण

छाटणी आणि मुळांचे काम एकाच दिवशी करा. दोन्हींत अंतर ठेवले तर पाने नसलेले झाड मोठ्या ओल्या मातीत बसून राहते, आणि पाणी ओढणारे कोणी नसल्यामुळे मुळे कुजतात.

झाड कुंडीतून काढून माती काडीने सोडवा, मग पाण्याच्या सौम्य धारेखाली मुळे धुवा. सोटमूळ आणि खाली जाणारी जाड मुळे निम्म्यावर कापा. बाजूला पसरणारी आणि केसासारखी तंतुमुळे जपा. एकूण मुळांपैकी एक तृतीयांश गेली तर झाड सहज सावरते, निम्मी गेली तरी बहुतेक वेळा सावरते. त्यापुढे नको.

मिश्रण असे: २ ते ५ मिलिमीटरच्या विटेच्या तुकड्यांचे दोन भाग, प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा परलाइटचा (फुलवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) एक भाग आणि चाळलेले, पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा कोकोपीट एक भाग. विटेची भुकटी चाळून फेकून द्या; तीच पुढे तळाशी बसून निचरा बंद करते. बागेतली नुसती माती उथळ कुंडीत विटेसारखी घट्ट होते, ती वापरू नका.

भोकांवर जाळी बसवा, त्यांतून २ मिलिमीटरची तार वर घ्या, मिश्रणाचा थर द्या, मुळे सर्व बाजूंना पसरवून झाड मध्यभागापासून किंचित बाजूला बसवा आणि तार मुळांच्या गड्ड्यावरून घट्ट बांधा. हलणाऱ्या झाडाची नवी मुळे रोज तुटतात. मिश्रण काडीने टोचून पोकळ्या भरा. बुंध्याला चिकटलेली वरची मुळे अर्धी उघडी दिसली पाहिजेत. झाडाला वय आल्यासारखे दिसते ते त्यामुळे. शेवटी तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्या.

दगडावर मुळे पसरवायची असतील तर हीच वेळ. लांब मुळे खडबडीत दगडावरून खाली सोडा, सुतळीने बांधा, दगडासकट वरपर्यंत मिश्रणात गाडा, आणि पुढच्या सहा महिन्यांत मिश्रण वरून थोडे थोडे कमी करत जा. मिरची हे काम चटकन करते.

पहिले तीन आठवडे

कुंडी उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा, २० ते २८ अंशांत. पाणी फक्त वरचा सेंटिमीटरभर थर सुकल्यावर. खत अजिबात नाही; कापलेल्या मुळांना क्षार भाजतात. आठवड्या-दोन आठवड्यांत पेरांपाशी हिरवे ठिपके दिसू लागतात. तीन आठवडे काहीच दिसले नाही तर नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवे असेल तर थांबा. तपकिरी असेल तर खाली खाली खरवडत हिरवे लागेल तिथे पेराच्या वर काप घ्या.

ठिपक्यांची पाने झाली की कुंडी पाच-सहा दिवसांत हळूहळू उन्हात न्या. पुढे रोज सहा तास ऊन हवे. घरात ठेवणार असाल तर पांढरा एलईडी दिवा शेंड्यापासून २० ते ३० सेंटिमीटरवर, दिवसाला १४ तास. उजेड कमी पडला की पेरे लांबतात, पाने मोठी होतात, आणि मग कितीही छाटा, झाड बोन्साय दिसत नाही.

आकार देणे

एका जागेवरून तीन-चार डोळे फुटतात. ते ३ सेंटिमीटरचे झाले की दोन ठेवून बाकीचे बोटाने खुडा. ठेवलेल्या फांदीला चार पाने आली की दोनवर छाटा. पुन्हा चार, पुन्हा दोन. दर दोन-तीन आठवड्यांनी एवढेच करत राहिले तर चार महिन्यांत फांद्यांना बारीक फाटे फुटतात आणि डोक्यावर घुमट तयार होतो. वरचा भाग नेहमी जोरात वाढतो, म्हणून वर कडक छाटणी आणि खाली सैल हात. फार मोठी झालेली पाने देठ ठेवून काढली तर जागी लहान पाने येतात, पण एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पाने काढू नका.

तार लावायचीच तर ती पेन्सिलीएवढ्या जाड फांदीला नव्हे, तर हिरवेपण संपत आलेल्या ३ ते ४ मिलिमीटरच्या फांदीला. तार फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची, वेढे ४५ अंशांत. वेळ महत्त्वाची: पाणी प्यायलेली मिरचीची फांदी गाजरासारखी कट्कन मोडते. पाणी देण्याच्या आधी, पाने किंचित ढिली पडली असताना वाकवा. एका हाताच्या अंगठ्याने बेचक्याला आतून आधार द्या आणि दुसऱ्या हाताने फांदी हवी तेवढी नव्हे, हवी त्याच्या निम्मीच खाली आणा. उरलेली चार-पाच दिवसांनी. बेचके फाटलेच तर लगेच दोन्ही भाग जुळवून कलमाच्या पट्टीने घट्ट बांधा, बऱ्याचदा जुळते. दर आठवड्याला तार तपासा. मिरची भराभर जाड होते आणि तीन-चार आठवड्यांत तार सालीत रुतते. काढताना उलगडू नका, तुकडे तुकडे कापून काढा.

जुन्या झाडांवर दिसतात तसे वाळके, पांढरे लाकूड मुद्दाम ठेवण्याचा प्रकार इथे टिकत नाही. मिरचीचे मेलेले लाकूड ओलाव्याने काही महिन्यांत भुसभुशीत होते आणि कूज जिवंत भागात उतरते.

पाणी आणि खत

रोज ठरल्या वेळी पाणी घालण्याची सवय सोडा. कुंडी उचलून वजन पाहा. भरलेल्या आणि सुकलेल्या कुंडीच्या वजनातला फरक आठवड्याभरात हाताला कळतो. कडक उन्हात दिवसातून दोनदा पाणी लागेल, ढगाळ हवेत दोन दिवसांतून एकदा. झाडाने मान टाकली की आधी मिश्रणात बोट घाला. कोरडे असेल तर पाणी द्या, तासाभरात झाड उभे राहील. ओले असूनही मान टाकली असेल तर मुळे कुजत आहेत आणि आणखी पाणी देणे म्हणजे मरणाला हातभार. अशा झाडाला काढा, काळी-मऊ मुळे कापा, कोरड्या नव्या मिश्रणात लावून सावलीत ठेवा.

नवी पाने पक्की झाली की १९:१९:१९ (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे) विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, दर १० ते १४ दिवसांनी. फुले ठेवायची ठरवली की १३:०:४५ त्याच प्रमाणात. नत्र जास्त झाले की पाने तळहाताएवढी, गडद हिरवी होतात आणि फूल एकही नाही. महिन्यातून एकदा भरपूर साधे पाणी ओतून साचलेले क्षार धुऊन काढा.

फुले आणि फळे

ताटात आल्यावर पहिले दोन-तीन महिने फूल दिसले की खुडा. आकार तयार झाल्यावर ठेवा. मिरचीचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. घरात वारा नसतो म्हणून दुपारी फांद्यांना टिचकी मारा किंवा मऊ ब्रश फिरवा. दिवसा ३५ अंशांच्या वर किंवा रात्री १५ च्या खाली पारा गेला की फुले गळतात. यात तुमची चूक काही नाही. १५-२० सेंटिमीटरच्या झाडावर वाटाण्याएवढी १०-१२ फळे पुरेत, लांबट असतील तर पाच-सहा. फळाच्या टोकाला काळा चट्टा पडला तर रोग नव्हे. कधी कोरडे कधी चिंब अशा पाण्यामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही. फळे खाणार असाल तर झाडावर काय फवारले याची नोंद ठेवा.

कीड

पाने वर वाटीसारखी वळली तर बहुधा फुलकिडे, खाली वळून देठ लांबले तर कोळी (जाळे विणणारा नव्हे, पानांचा रस शोषणारी अतिसूक्ष्म कीड). मावा कोवळ्या शेंड्यावर झुंडीने बसतो, खालची पाने चिकट होतात. लिटरभर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि १ ते २ मिलिलिटर द्रवरूप साबण, संध्याकाळी पानांच्या खालून फवारायचे, दर पाच-सहा दिवसांनी तीनदा. छाटणी झालेल्या कोवळ्या फुटीवर तेल ३ मिलिलिटरच. चुरडा-मुरडा मात्र वेगळा: पाने बारीक, जाड, पिवळट, वाढ खुंटलेली. पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूला औषध नाही. झाड काढून टाका, नाहीतर शेजारची सगळी जातील.

दुसऱ्या वर्षी

वर्षाने, पुन्हा फळे संपल्यावर, कुंडी बदला: मुळे एक तृतीयांश कमी, मिश्रण नवे, फांद्या मूळ सांगाड्यावर. थंडीत १० अंशांच्या खाली झाड बाहेर ठेवू नका. आत आणा, पाणी निम्मे करा, खत बंद ठेवा, काही पाने गळाली तरी घाबरू नका. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एखादी मुख्य फांदी अचानक वाळते, कारण जुन्या कापातून कूज आत गेलेली असते. म्हणून दुसऱ्याच वर्षी आवडत्या झाडाच्या पिकलेल्या फळातले बी काढून मोठ्या कुंडीत आणखी दोन रोपे वाढायला लावा. बी काढताना हातमोजे घाला. तिखटपणा बियांत नव्हे, तर ज्या पांढऱ्या भागाला बिया चिकटलेल्या असतात त्यात असतो, आणि तोच बोटांना लागून डोळ्यांत जातो.